वर्षावासातली आग

रत्नमालाच्या आवाजाला कुणी नावं ठेवू शकत नाही. भीमनगरच्या अलीकडल्या शाळेत ती दुपारची खिचडी शिजवते, आणि तिने पटांगणातून एकदा ‘ताटं घ्या रे’ म्हटलं की वरच्या मजल्यावरचे वर्ग रिकामे होतात. हेच ध्यानात घेऊन विहाराच्या समितीने यंदा वर्षावासातल्या ग्रंथवाचनाचा मान तिला दिला. आजवर तो मान एका निवृत्त गुरुजींकडे होता. त्यांना मोतीबिंदूने गाठलं आणि समितीला नववी शिकलेल्या रत्नमालाची आठवण झाली.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी वाचन. समोर शंभर-सव्वाशे माणसं, सगळ्या बाया पांढऱ्या साड्यांत, आणि सगळ्यांच्या पुढे मांडी घालून बसलेली रत्नमाला. पहिल्याच दिवशी समितीतल्या एका बाईने जाता जाता तिला टोकलं, की साडी ट्यूबलाइटखाली पिवळट दिसते. बाई बोलून गेली आणि विसरलीही असेल. रत्नमाला विसरली नाही. त्या दिवसापासून तिची साडी, झंपर, परकर, आतले कपडे, सगळं डोळ्यांत खुपेल इतकं पांढरं दिसायला लागलं. ड्रेनेजसाठी खणलेल्या गल्लीतून, चिखल तुडवत, ही बाई रोज बगळ्यासारखी विहारात पोचायची. बाकीच्या बाया तिला हसायच्या आणि मनातून जळायच्याही.

तिचा नवरा बुद्धभूषण कच्छमध्ये सोलर प्लांटवर वायरिंगचं काम करतो. दोन-अडीच महिन्यांतून एकदा घरी येतो, चार दिवस राहतो, फॅन दुरुस्त करतो, पोरीला मोबाइल कमी बघ म्हणतो आणि परत जातो. माणूस कमी बोलणारा. दारू नाही, तंबाखू नाही. आषाढी पौर्णिमेला तो आला होता, बायकोचं पहिलं वाचन ऐकायला. मागे पुरुषांच्या ओळीत बसून मान खाली घालून ऐकत होता. रत्नमालाला वाटलं, ह्यांना अभिमान वाटतोय.

तो गेला आणि थोड्याच दिवसांत तिला आग सुरू झाली.

आधी नुसती खाज होती. पावसाळा आहे, ओलसर कपडे आहेत, होतं बायकांना, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. मग खाजेची आग झाली. लघवीला बसली की डोळ्यांत पाणी यायचं. जांघेत, लघवीच्या जागेभोवती कातडी लाल झाली होती, हात लावला तर भाजल्यासारखी गरम. रत्नमालाने मोरीचं दार लावून, हातात पोरीचा छोटा आरसा धरून, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला तिथं बघितलं. चाळीस वर्षांची बाई, एका पोरीची आई, आणि आपलंच अंग बघताना चोरी केल्यासारखी घाबरलेली. जे दिसलं ते बघून तिने आरसा पालथा ठेवला.

तिच्या डोक्यात पहिलं नाव आलं ते कौतिकाचं.

कौतिका तिची चुलत बहीण, देवगाव रंगारीची. तिचा नवरा बाहेरगावी कामाला असायचा. तो वाळत वाळत गेला, आणि त्याच्यामागे कौतिकाच्या रक्तातही तेच निघालं. तेव्हा औषधं आजच्यासारखी सहज मिळत नव्हती आणि माणसं तर त्याहून वाईट होती. कौतिकाचा पेला वेगळा, ताट वेगळं, बसायला पोतं वेगळं. हे कुणी परक्यांनी केलं नाही, सख्ख्या घरच्यांनी केलं. रत्नमाला तेव्हा नवी नवरी होती. कौतिकाला भेटायला गेली तर कौतिका हसून म्हणाली होती, ‘तू बी लांबच बस, बाई.’ आणि रत्नमाला खरंच लांब बसली होती. पुढं एका उन्हाळ्यात कौतिका गेली.

आता नवरा परगावी, चार दिवस घरी आला काय, आणि लगेच ही आग काय. रत्नमालाने दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या आणि गाठ अशी आवळली की तिला दुसरं काही सुचेना. मोठ्या माणसांच्या गप्पांत तिने ऐकलं होतं, गुप्त आजार असाच खालून सुरू होतो. शहरातल्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेल्या जाहिरातीही तेच सांगायच्या. त्या भिंतींसमोरून ती वर्षानुवर्षं मान वळवून गेली होती. आता रिक्षातून जाताना वाचायला लागली.

डॉक्टरकडं जावं हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि तिने ते परतवून लावलं. दवाखान्यात गेलं की नाव लिहितात. नाव लिहिलं की कुणीतरी वाचतं. आणि शाळेत कळलं तर? पोरांच्या पोटात जाणारं अन्न शिजवते ती. असल्या आजाराची बाई स्वयंपाकघरात कोण उभी करील? जेवणातून हा आजार लागत नाही, हे तिला ठाऊक होतं, आरोग्याच्या ताईंनी बचत गटात सांगितलं होतं. ठाऊक असणं आणि निर्धास्त होणं ह्यात बरंच अंतर असतं. खिचडी वाढताना बोटाला कढईचा काठ लागून रक्ताचा थेंब आला, तर ही बाई अर्धा तास मोरीवर हात धूत बसली.

मग तिने जे केलं ते भ्यालेली माणसं करतातच. तिने स्वच्छता वाढवली. जखमा धुवायचं पिवळट जंतुनाशक आणलं आणि सकाळ-संध्याकाळ ते पाण्यात घालून तिथं धुवायला लागली. नुसतं पाण्यात घालून समाधान होईना, तर कधी थोडं तसंच लावलं. ब्रह्मांड आठवलं तिला, पण दातावर दात दाबून तिने सोसलं, कारण झोंबतंय म्हणजे जंतू मरतायत अशी तिची समजूत होती. शेजारच्या गीताबाईला तिने खाज येते एवढंच सांगितलं, तर गीताबाईने आपल्या नवऱ्याच्या गजकर्णाची उरलेली ट्यूब काढून दिली. ट्यूबने दोन दिवस गार वाटलं. तिसऱ्या दिवशी आग दुपटीने परत आली, आणि रत्नमालाची खात्री पटली. साधं काही असतं तर ट्यूबने गेलं असतं.

त्या संध्याकाळी वाचन करताना तिला मांडी घालून बसवेना. दोन-अडीचशे डोळे समोर, हातात ग्रंथ, आणि खाली निखारे. कूस बदलावी तर पांढऱ्या साडीतली प्रत्येक हालचाल दिसते. तिने आवाज आणखी चढवला. एक ओळ दोनदा वाचली, दुसरी गाळलीच. मागून गुरुजींनी खाकरून दाखवलं. वाचन संपल्यावर कुणी कौतुकाने म्हणालं, ताई आज लई पोटतिडकीनं वाचलंत, तर तिला रडू फुटलं आणि सगळ्यांना ते भक्तीचं वाटलं.

घरी मात्र लपवणं जमेना. बारावीतली प्रेरणा डोळस पोरगी. आईने आपला टॉवेल खिडकीबाहेरच्या तारेवर न्यावा, साबण वेगळा ठेवावा, इथपर्यंत ती गप्प राहिली. मग एक दिवस जेवताना तिने बघितलं, आईने स्वतःसाठी पेला वेगळा काढलाय, कडेला चीर गेलेला, आणि ताटही ओट्याच्या खालचं. प्रेरणाने विचारलं, तू काहून अशी जेवतीस. रत्नमालाने काहीतरी सांगितलं आणि घास गिळला. कौतिकाला जे दुसऱ्यांनी केलं होतं ते ही स्वतःच स्वतःला करून मोकळी झाली होती, अजून कुणी काही म्हटलेलंही नसताना.

पोरीने शेवटी धरून बसवलं. तिच्या कॉलेजच्या मागे महानगरपालिकेचा दवाखाना होता, तिथं बायांसाठी बाई डॉक्टर यायची. प्रेरणा म्हणाली, ‘काय झालंय ते मला नको सांगू. डॉक्टरला सांग. नायतर मी पप्पाला फोन लावते.’

पप्पाचं नाव निघालं तशी रत्नमाला हादरली, आणि त्याच रात्री तिने स्वतःच फोन लावला. भांडायचं ठरवून लावला होता, पण त्याचा आवाज ऐकल्यावर ते शब्द तोंडातून निघेनात. एवढंच म्हणाली, की खाली आग होते, लाल झालंय, उद्या दवाखान्यात दाखवणार आहे. मग तो म्हणाला, मी निघतो. स्वतःची आई आजारी होती तेव्हा ज्या माणसाला साइटवरून सुट्टी मिळाली नव्हती, तो निघतो म्हणाला. रत्नमालाने फोन ठेवला, आणि तिला बरं वाटायच्या ऐवजी तिची शंका पक्की झाली.

दवाखान्यात डॉक्टर मोनिका मॅडम होत्या. वय फार नसेल. रत्नमालाने आधी अंगदुखी सांगितली, मग पित्त सांगितलं. मॅडमनी दोन्ही ऐकून घेतलं आणि दवाखान्यातल्या मदतनीस मावशींना बाहेर थांबायला सांगून पडदा ओढला. मग रत्नमालाला बोलता आलं, तेही भिंतीकडं बघून.

मॅडमनी एकेक विचारायला सुरुवात केली. अंगावरून पांढरं जातं का? नेहमीसारखंच, जास्त नाही. वास येतो का, दह्यासारखं काही दिसतं का? नाही. फोड, पुटकुळी, जखम? नाही. ओटीपोटात दुखतं का, ताप? नाही. लघवी करताना आत जळजळ होते, की बाहेर आल्यावर कातडीला लागते तेव्हा? रत्नमाला थांबली. एवढा भेद तिने केलाच नव्हता. म्हणाली, ‘बाहेर. कातडीला लागली की.’

मॅडमनी तपासलं, दिव्याखाली नीट बघितलं, कापसाच्या काडीवर नमुना घेतला. मग परकर जरा खाली सरकवला तेव्हा त्यांचा हात थांबला. कमरेभोवती लाल पट्टा होता.

‘हे काय आहे?’

‘नाडीचा काच, मॅडम. तो तर असतोच.’

बायकांना कमरेवरच्या नाडीच्या खुणेचं काहीच वाटत नाही, जन्माची सोबत असते ती. पण मॅडमनी बोट फिरवलं. नाडी दोऱ्याएवढी आणि लाली चार बोटं रुंद, परकराचा नेफा जिथं जिथं टेकत होता तिथं सगळीकडं, कोरडी, सालपटं निघालेली. मॅडमनी तिला झंपराची बाही वर करायला सांगितली. दंडावर, काठ टेकतो तिथं, तसाच लाल गोल. पाठीवर हुकाच्या पट्टीखालीही तेच. रत्नमालाचं तिकडं लक्षच गेलं नव्हतं. जिथं भीती होती तिथंच ती बघत राहिली होती.

मॅडमनी परकराचा काठ नाकाशी नेला आणि विचारलं, कपडे कशात धुता?

तेव्हा कुठं ते निघालं. पांढरं करायचं सुटं ब्लीच, किराणा दुकानातून कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून आणलेलं. बादलीत ओतायचं अंदाजाने, आणि दुकानदार म्हणाला त्यापेक्षा जास्तच, कारण साडी पिवळी दिसायला नको. रात्रभर भिजवायचं. आणि मग खळबळायचं एकाच बादलीत, साडी, झंपर, परकर, आतले कपडे, सगळं त्याच पाण्यात. नळाला पाणी आठवड्याने येणार, कधी त्याहूनही उशिरा. दारातला निळा ड्रम तोवर पुरवायचा. पाणी पुरवून वापरण्यात रत्नमालाचा हात धरणारी बाई गल्लीत नव्हती, आणि तिला त्याचा गर्व होता. कपडे पुन्हा पावसात दोरीवर, ओलसरच अंगात. त्यावर जंतुनाशक, त्यावर गीताबाईची ट्यूब.

मॅडम म्हणाल्या, ‘ताई, ही कातडी भाजलीय. आत काही आजार दिसत नाही. नवऱ्याकडून आलेला आजार कमरेला नेफ्याएवढा आणि दंडाला बाहीएवढा मोजून उठत नाही.’

रत्नमाला तशीच पडून राहिली. तिने नवऱ्याचं नाव काढलंच नव्हतं, आणि मॅडमनी ते बोलून दाखवलं होतं. बहुधा तिच्यासारख्या पुष्कळ बाया त्या पडद्याआड भिंतीकडं बघून गेल्या असाव्यात.

मॅडमनी तिच्या पिशवीतली ट्यूब काढून घेतली आणि डब्यात टाकली. जंतुनाशक बंद, साबणही तिथं लावायचा नाही, नुसतं साधं पाणी आणि वरून साधं मलम. कपडे ब्लीचशिवाय, दोन-तीनदा भरपूर पाण्यात काढून, नीट वाळवून. पाणी कमी असेल तर पांढरं घालू नका, म्हणाल्या, पिवळं घाला. आठवड्यात उतरलं नाही, किंवा फोड, जखम, वास, ताप असं काही दिसलं, तर लगेच परत या. आणि एक म्हणाल्या, ‘कातडी बघून मी कातडीचं सांगितलं. रक्तातलं डोळ्यांना दिसत नाही. तुमच्या मनात भीती आहे, तर रक्त तपासून घ्या. इथंच होतं, कुणाला सांगत नाहीत.’ तपासणीच्या खोलीतल्या बाईंनी तिला समोर बसवून सगळं समजावलं. लागण अगदी ताजी असेल तर ती रक्तात लगेच दिसत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघावं लागतं, हेही त्यांनी सांगितलं. रत्नमालाने मान हलवली. ते दुसऱ्या बायांसाठी असेल असं तिला वाटलं.

रक्त चांगलं आलं. काडीवरचा नमुनाही चांगला. आणि साध्या पाण्याने आग अशी उतरत गेली, की इतके दिवस आपण काय केलं ह्याची तिला लाज वाटली. चीर गेलेला पेला तिने फेकला. नवऱ्यावर आपण मनातल्या मनात काय काय आळ घेतला, ह्याने ती आणखी खजील झाली. साइटवरून सुटायला त्याला चार-पाच दिवस लागले, पण आता तो येतोय तर त्याला आवडणारी शेंगदाण्याची आमटी करायची, आणि पाय धरून नाही तरी हात धरून माफी मागायची, असं तिने ठरवून टाकलं. त्या दिवशी ती शाळेत पोरांना ओरडलीसुद्धा नाही.

बुद्धभूषण सकाळी आला. प्रेरणा कॉलेजला गेली होती. बॅग खांद्यालाच, पायात बूट तसेच, दाढी वाढलेली. रत्नमाला पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली. त्याने तांब्या घेतला नाही.

‘रक्ताचं काय आलं?’ तो म्हणाला.

तिने फोनवर रक्ताचं काही सांगितलं नव्हतं. तेव्हा ते तिलाच ठाऊक नव्हतं. पण हे तिच्या ध्यानात यायला एक क्षण लागला, आणि त्या क्षणात ती हसून बोलून गेली होती, की काही नाही, सगळं चांगलं आलंय, ब्लीचनं भाजलं होतं.

बुद्धभूषण दारातच खाली बसला. भिंतीला डोकं टेकून, तोंडावर हात घेऊन तो रडायला लागला. आई गेली तेव्हा हा माणूस असा रडला नव्हता. बायको बरी झाली म्हणून नवऱ्याला आनंद होतो, डोळेही भरून येत असतील, पण हे रडणं तसलं नव्हतं. फाशी टळलेला माणूस असाच रडत असेल. रत्नमाला तांब्या हातात धरून त्याच्याकडं बघत राहिली. माफीचे शब्द तिने पाठ केल्यासारखे तयार ठेवले होते. ते तसेच राहिले.

मग तिने विचारलं, ‘कधी?’

तो काय कधी असं म्हणाला नाही. मान वर न करता म्हणाला, ‘पौर्णिमेला आलो त्याच्या आधल्या आठवड्यात. साइटवरच्या पोरांसंगं गेलो. एकदाच गेलो, रत्ना. तवापासून झोप नाय मला.’

विहारात मागच्या ओळीत तो मान खाली घालून बसला होता. तिला ते दिसलं होतं.

ती ओरडली नाही. ओरडायचं बळ कुठून आणावं ते तिला कळेना. तिने मनात हिशेब केला, आषाढी पौर्णिमा कधीची, रक्त घेतलं कधी, आणि तीन महिने कधी भरतात, आणि त्या हिशेबात तिचं चांगलं आलेलं रक्त हळूहळू बिनकामाचं झालं. तिने तांब्या खाली ठेवला. त्याचं अंथरूण त्या रात्री बाहेरच्या खोलीत पडलं. प्रेरणाला सांगितलं, पप्पाला सर्दी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला घेऊन दवाखान्यात गेली. मोनिका मॅडमनी तिला लगेच ओळखलं आणि आग उतरली का म्हणून विचारलं. रत्नमालाने उतरली म्हणून सांगितलं. मग मागं उभ्या असलेल्या नवऱ्याला पुढं केलं.

‘आता ह्यांचं बघा, मॅडम. अन् महं बी परत बघावं लागंल.’

मॅडमनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि पडदा ओढला. दोघं बाकड्यावर बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. रत्नमालाच्या अंगावर आता कुठंच आग नव्हती, आणि आग होती तेव्हा ती इतकी कधीच भ्यायली नव्हती.